डब्यांची जागा

माझ्या वर्गात कुठलीही वस्तू शोधावी लागत नाही, याचा मला फार तोरा होता. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझ्या दिरांचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे. तिथले बटणांचे रिकामे, पांढरे प्लास्टिकचे डबे मी पिशव्या भरभरून आणले. त्यांवर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहिलं: मणी, काड्या, खडू, शब्दपट्ट्या, कात्र्या. खिडकीखालच्या फळीवर ते एका ओळीत मांडले. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका येऊन फोटो काढून गेल्या, तेव्हा चार दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

खरं तर त्यात हौस कमी आणि गरज जास्त होती. मोरिवलीच्या कारखान्यांजवळची आमची शाळा लहान. तिसरीच्या बाई मतदार याद्यांच्या कामाला गेल्या की त्यांची मुलं माझ्या दुसरीत येऊन बसतात. एवढ्या पोरांत उठबस करायला माझे गुडघे आता साथ देत नाहीत. म्हणून डब्यांचं काम मी एका मुलीवर सोपवलं. तिचे आईवडील दोघंही इथल्याच कारखान्यांत कामाला. पोर शांत, हाताला चपळ. मी "काड्या" म्हणायचा अवकाश, डबा गटासमोर हजर आणि तास संपला की जागेवर परत. वाचनाच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'शब्द वाचते' असं लिहून मी मोकळी झाले. रोज डब्यांवरचं वाचते, आणखी काय तपासायचं? गटवाचनाच्या वेळी ती डबे पुसत, आवरत असायची आणि मला ते बरंच वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत वर्गाला रंग लागला. रंगाऱ्याने डबे खाली उतरवले आणि मनाला येईल तसे परत ठेवले. शाळा उघडली त्या दिवशी मी नेहमीसारखे मणी मागितले. तिने खडू आणले. सुट्टीचा आळस अजून गेला नसेल, असं मला वाटलं. काड्या मागितल्या तर कात्र्या आल्या. पोरं हसायला लागली. तिसऱ्या वेळी ती फळीसमोर नुसतीच उभी राहिली, कुठल्याच डब्याला हात न लावता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने आजवर एकही कागद वाचला नव्हता. तिला जागा पाठ होत्या आणि त्या जागा मीच कधी हलू दिल्या नव्हत्या.

मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून एक शब्दपट्टी पुढे ठेवली. पहिलं अक्षर तिने ओळखलं, पुढे गप्प. मी चिडले. राग माझा माझ्यावरच होता, पण निघाला तिच्यावर. मला त्याची अजून लाज वाटते. इतके दिवस सांगितलं का नाहीस, असं मी जरा जोरातच विचारलं.

"तुम्ही वाचायला कधी बोलावलंच नाय, बाई," ती म्हणाली. "डबे आणायलाच बोलवायच्या."

मी नोंदवही काढली, 'शब्द वाचते' खोडलं आणि 'अक्षरं ओळखते' लिहिलं. अर्धं वर्ष हातातून गेलं होतं.

आता रोज मुलं यायच्या आधी मी डब्यांच्या जागा बदलते. गुडघे कुरकुरतात, कधी कधी मलाच खडू सापडत नाहीत. डबे आणायला आळीपाळीने कुणीही जातं. गटवाचनाला ती माझ्या उजव्या हाताला बसते. परवा तिने 'मणी' वाचलं, काल 'काड्या'. फार हळू चाललंय, आणि संध्याकाळी घरी जाताना मला अजिबात आनंदबिनंद होत नाही, नुसता थकवा येतो.

पण त्या नोंदवहीने माझी झोप उडवली. वह्या गोळा करणारी, फळा पुसणारी, हजेरी ऑफिसात पोचवणारी, अशा माझ्या सगळ्या कामसू मुलींच्या नावांपुढे माझ्याच अक्षरात 'शब्द वाचते' लिहिलेलं होतं. आज मी वह्या गोळा करणारीला जवळ बोलावलं आणि पट्टी पुढे ठेवली. तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

माझ्या उजव्या हाताला बसलेली डब्यांवाली हळूच तिला म्हणाली, "सांगून टाक. आता विचारतात बाई."