बरोबरची खूण

पोरांनो, लाल शाईचा वास आला की मला वाडीची ती शाळा आठवते. त्या दिवशी बाहेर ट्रक घरघरत होते. चित्र टांगलं तर ‘हंग’, माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’, असं समजावून मी मुलींना एकेक इंग्रजी वाक्य लिहायला सांगितलं. एकीनं लिहिलं, ‘माझ्या भावाला फाशी देणार आहेत.’ व्याकरण अचूक होतं, म्हणून मी बरोबरची खूण केली. “खरंच बरोबर हाय का, मॅडम?” तिनं विचारलं. शेजारची मुलगी कुजबुजली, “तिच्या भावानं खून केला नं, कालच निकाल लागला.” वाक्य लिहिणारी म्हणाली, “ज्याले मारलं त्याची लेकरं लहान हायेत, मले मालूम हाय. पण तुम्हीच सांगा नं.” मी पाठ फिरवून फळा पुसू लागले. पोरांनो, तिच्या प्रश्नाचं उत्तर मी आजही कधी ‘हो’, कधी ‘नाही’ असं लिहिते, आणि खोडते.