छपरातला ऑप्सियस

"मोठी घराणी कोणीही वाचेल," असं म्हणत काका टी रूममध्ये डबा उघडायचे आणि आमच्या वीस मिनिटांच्या ब्रेकची वाट लागायची. ऑप्सिया हे प्राचीन रोममधलं एक सामान्य, प्लेबियन घराणं. खानदानी नव्हे, गाजलेलं तर मुळीच नव्हे. चार-दोन नावं ग्रंथांत, बाकीची थडग्यांवर. लेस्टरच्या हॉस्पिटलात रक्ताचे नमुने तपासणाऱ्या मराठी माणसाला हा छंद का लागावा, हे तुम्ही विचारू नका. आम्ही विचारलं होतं. उत्तर दोन आठवडे चाललं.

ते माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. आमच्यासोबत डोरीन बसायची, लॅबमधली सर्वांत जुनी बाई. "आज पुन्हा मेलेली माणसं?" असं म्हणायची आणि त्यांच्या शेजारचीच खुर्ची धरायची.

मग स्टाफ कमी केल्यामुळे नमुन्यांवर चुकीची लेबलं लागतायत, असं पत्र कोणीतरी लोकल पेपरला पाठवलं. आमच्या मॅनेजरला लेबलांची काळजी नव्हती, पत्राची होती. त्याने काकांना बोलावलं. टी रूममध्ये डोरीन काय बोलते तेवढं कानावर घाला, डेप्युटीची जागा रिकामी आहेच, असं सुचवलं. काका म्हणाले, मी तिथे असताना दुसऱ्या कोणाला बोलायला मिळतच नाही. हे अगदी खरं होतं.

मग मॅनेजर माझ्याकडे आला. मी तत्त्वाचा माणूस, म्हणून विचार करायला एक दिवस मागून घेतला. पत्र डोरीनचंच होतं. त्यातलं स्पेलिंग मीच सुधारलं होतं.

संध्याकाळी काकांना बसस्टॉपवर गाठलं आणि सगळं सांगितलं. "बघ बाबा, तुझं तू," एवढं त्यांनी म्हणावं, इतकीच माझी माफक अपेक्षा.

ते मग म्हणाले, "त्या घराण्यातला सगळ्यांत जास्त नाव झालेला माणूस तुला कधी सांगितला नाही. लाज वाटते." कॉन्सल हे रोममधलं मोठं पद मिळावं, म्हणून हा ऑप्सियस आणखी दोघांबरोबर एका घराच्या छपरात कान लावून पडून राहिला. खाली एक दुःखी माणूस समोरच्याला मित्र समजून मन मोकळं करत होता, सम्राटाबद्दल बोलत होता. ते बोलणं सम्राटापर्यंत पोचलं आणि त्या माणसाचा जीव गेला.

"मग हा कॉन्सल झाला?"

"तसं लिहिलेलं मला सापडलं नाही. छपरात होता, हे मात्र लिहून ठेवलंय."

त्यांची बस आली, ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सांगितलं, मला काही ऐकू आलेलं नाही. डेप्युटी म्हणून कॉव्हेंट्रीहून कोणीतरी आला. डोरीन यथावकाश रिटायर झाली. मॅनेजरने भाषणात तिच्या निष्ठेचं तोंडभरून कौतुक केलं.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. क्रिमेटोरियममध्ये आम्ही जेमतेम पंधरा जण. डोरीन काठी टेकत आली. मॅनेजरने आम्हा दोघांना काय विचारलं होतं, हे तिला आजही माहीत नाही. "फार कंटाळा आणायचा हा माणूस," ती मला म्हणाली. मग उघड्या शवपेटीपाशी पुढे होऊन तिने त्यांचा वाकडा झालेला टाय सरळ केला, आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला.