अकरा महिन्यांचं घर

धुळ्यात आल्यापासून आमचं हे चौथं घर. आम्ही म्हणजे मी आणि आबा, माझे वडील. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. पण घर एकदा अंगवळणी पडलं की आबा कुणाची मदत घेत नाहीत. भिंतीला हात लावत मोरीत जातात, माठातलं पाणी घेतात, वर मलाच सांगतात की खिडकी उघडी राहिली. असं घर हाताला यायला त्यांना महिने लागतात आणि तोवर करार संपतो.

करार अकरा महिन्यांचाच. भाडेकरूचा हक्क लागेल, ही धास्ती सगळ्याच मालकांना. मागच्या घराचे मालक नाना तसे देवमाणूस. करार वाढवा म्हणून मी हात जोडले तर म्हणाले, "भाऊ, तुमना काही दोष नही. पन कायदाना भेव वाटस." यावर काय डोकं फोडायचं? आम्ही निघालो आणि त्या घराला कुलूप लागलं, ते अजून तसंच आहे. रिकामं घर चालतं, भाडेकरू चालत नाही!

माझा मामेभाऊ जर्मनीत भाड्यानंच राहतो. त्याच्या कराराला शेवटची तारीख नाही. सबळ कारण असल्याशिवाय मालक त्याला ऊठ म्हणू शकत नाही. तिथं लोक भाड्याच्या घरात स्वयंपाकाचा ओटासुद्धा पदरमोड करून बसवतात म्हणे. मी फोनवर चिडलोच, "मग तुमचे मालक घाबरत नाहीत?"

"कशाला घाबरतील? भाडं थकलं तर कायदा त्यांच्याही बाजूनं आहे."

इकडे चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या एका विद्यार्थ्याचं गाव आहे. तिथं कुणाचं घर उभं करायचं तर सगळं गाव राबतं. भाड्याचं घर म्हणजे काय, हे त्याच्या आजीला समजावताना मी थकलो. आम्हाला ना जर्मनीतला करार, ना त्या गावातलं घर. 'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्यानं केली, त्याला एकदा धुळ्यात भाड्याचं घर शोधायला लावायला हवं होतं.

या चौथ्या घरात सामान लागलं तसा मी आबांचा हात धरला. "आबा, हा उंबरा. मोरी डाव्या हाताला." त्यांनी हात सोडवून घेतला आणि दाराजवळच्या खाटेवर बसले.

"हाई घर आते कसाले शिकू? अकरा महिनामा परत जानंच शे."

तेव्हापासून मोरीत जायलाही ते मला हाक मारतात. मी कॉलेजात शिकवायला गेलो की हाक कुणाला मारणार? म्हणून मी परत येईपर्यंत ते पाणीच पीत नाहीत.