नामाकाकाचं गाऱ्हाणं

मागावर धागा तुटला की नामाकाका आधी घरातल्यांकडे बघायचा. कोणी खोकलं असेल, कोणी दार आपटलं असेल. नाहीतर दादा, म्हणजे माझे वडील, होतेच. "माही काय चूक गा? दादानं मले रेशमी काठ शिकवला नाई, म्हनून मी जाडंभरडं विनून राहिलो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. गिरणीच्या कापडानं तेव्हा नागपुरातल्या सगळ्याच कोष्ट्यांचं कंबरडं मोडलं होतं. काकाच्या लेखी गिरणी आणि गोरा साहेबही दादाच्याच बाजूचे.

खरं काय ते आम्हाला ठाऊक होतं. वडील त्याला शेजारी बसवायचे. काठाचे दोन धागे तुटले की डोळे दुखतात म्हणून हा उठायचा आणि सीताबर्डीला फिरायला जायचा. हे तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती, कारण लगेच त्याचे डोळे भरायचे. ते रडणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

एका वर्षी मी सासरहून पोळ्याला आले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीची मारबत निघाली. बांबू-कागदाची ती बाई गावाबाहेर नेऊन जाळायची आणि घरादारातली पीडा तिच्यासोबत धाडायची. एकानं पीडेचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी "घेऊन जा गे मारबत" म्हणायचं. खोकला गेला, ताप गेला. मग काका ओरडला, "धाकट्याचं नशीब खानारा भाऊ..."

"घेऊन जा गे मारबत," सवयीनं सगळे ओरडले. दारातून मीही ओरडले. अर्थ ध्यानात आला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांत मोठा आवाज वडिलांचा होता. मारबतीच्या बांबूला त्यांचाच खांदा होता.

काका जागीच थांबला. मिरवणूक पुढे गेली.

संध्याकाळी तो अंगणात आला, पण घरात येईना. "दादा, तुले आयकू आलं नाई का?"

"आलं. म्हटलं, माह्या जान्यानं तुहं मन हलकं होत असन, तं होऊ दे."

आईनं पुढे केलेलं पाणी काकानं घेतलं नाही. "लाज वाटते गा दादा. दुपारपासून एकच इचार करून राहिलो. तू खरंच गेला असता, तं उद्या मी कोनाच्या नावानं रडलो असतो?"



"मंग आता?" वडिलांनी विचारलं.

"सकाळी काठावर बसव मले. झोपेतून नाई उठलो तं तोंडावर पानी टाक."

दुसऱ्या दिवशी वडिलांना खरोखरच पाणी टाकावं लागलं. काका ओशाळून उठला, आणि त्यानं कोणालाही बोल लावला नाही.