कवळीची सरळ ओळ

मुलीच्या सासरी पहिल्यांदा निघालो तेव्हा बायकोने दोन गोष्टी बजावल्या. एक, मिठाईचा पुडा जीपमध्ये फोडू नका. दुसरी, तिथे जाऊन शहाणपणा करू नका. तिचा गुडघा धरला होता, नाहीतर मला एकट्याला सोडायची जोखीम तिने घेतलीच नसती. पुडा मी खरोखरच फोडला नाही. म्हणजे निम्मा पास झालो.

मुलगी आमची नाशिकातच वाढलेली. माझ्यासारखीच सातपूरला कारखान्यात नोकरीला लागली आणि शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या सुरगाण्याकडच्या मुलाशी तिने लग्न केलं. कोकणा समाजाचं घर, डोंगरातला पाडा, भात आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. आषाढात त्यांच्याकडे सण होता म्हणून ती रजा काढून आधीच गेली होती. फोनवर म्हणाली, "पप्पा, यंदा देवाची भाजी मी शिजवणार! सासूबाई स्वतः म्हणाल्या." बाहेरून आलेल्या सुनेला पहिल्याच वर्षी हा मान! पहिला पगार झाला तेव्हाही तिचा आवाज इतका फुललेला नव्हता. मी ठरवलं, न कळवता एक दिवस आधीच पोचायचं आणि सगळ्यांना धक्का द्यायचा. तो मी दिला.

जीपने फाट्यावर उतरवलं. पुढे पायी चढ होता आणि त्या चढावर बघावं तिकडे कवळीची रानभाजी उगवलेली. गवतासारखी लांब हिरवी पाती, खाली पांढराशुभ्र दांडा. आता रानभाज्यांत मी जाणकार. म्हणजे पावसाळ्यात फुटपाथवर टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडून विकत घेतो आणि त्यांनी सांगितलेलं घरी येऊन स्वतःचं म्हणून खपवतो. एक पातं कुठे खुडलेलं नव्हतं. मनात म्हटलं, दाराशी एवढी भाजी आणि कुणाला वाकायचा कंटाळा! मग मीच वाकलो. माती ओली होती, दांडा ओढला की मुळासकट हातात. पिशवी गच्च भरली. खात्री करायला एक कोंब चावूनही बघितला.

विहीणबाई ओट्यावर नागली पाखडत होत्या. मी पिशवी त्यांच्यापुढे अशी ठेवली, की जणू साडीचोळीच आणलीय. "घ्या विहीणबाई! नाशिकचा माणूस, पण हात रिकामे नाहीत."

त्यांनी पिशवीत पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. आतून मुलगी आली. मला बघून हसणार तेवढ्यात तिला पिशवी दिसली.

"पप्पा, हे कुठून काढलंत?"

"डोंगरावरून! फुकट!"

"अहो, उद्या सण आहे. उद्या देवाला आणि गेलेल्या माणसांना दाखवल्याशिवाय इथे कवळीला कुणी हात लावत नाही. खाणं तर लांबच."

गोठ्यातून आमचे व्याही आले. कमी बोलणारा, उन्हापावसात रापलेला माणूस. व्याह्याला तिकडे इवाय म्हणतात. पिशवीकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, "इवाय, खाल्ली नाय ना?"

"छे छे! मी कशाला खातोय!"

"पप्पा," मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "दात हिरवे झालेत."

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी पकडला गेलोय. लग्नात पंगत बसायच्या आधी आचाऱ्यामागे उभा राहून गरम जिलबी चाखणारा तो मीच. पण तिथे माझे दात कुणी बघितले नव्हते. मुलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतला. लहानपणी निकालाच्या दिवशी ती फ्रॉकचं टोक गुंडाळायची.

"काय नाय," व्याही शेवटी म्हणाले. "पण मुळं कशाला उपटली? पात खुडलं तर मागनं फुटतं. हे आता मेलं की. जावा, जिथनं काढली तिथं लावून या."

"आणि उद्याची भाजी?" मी विचारलं. "हिनेच करायची ना?"

"ते मंग बघू."

दुपारभर आम्ही तिघं त्या चढावर होतो. विहीणबाई काठीने भोक पाडायच्या, मी रोप ठेवायचो, मुलगी माती दाबायची. माझ्याकडे न बघता पुढच्या भोकाकडे सरकायची. खालून बायामाणसं जात होती, पोरं शेळ्या घेऊन जात होती. सगळे त्या भाजीतूनच चालत होते, तिला पाय न लावता.

"पहारा असतो का हो इथे?" मी विचारलं. "दंडबिंड?"

"पारा कशाला?" विहीणबाईंना प्रश्नच कळला नाही. "सगळ्यांना ठावं हाय ना."

संध्याकाळी ताटात नागलीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मिठाचा खडा. विहीणबाई म्हणाल्या, "गोड मानून घ्या इवाय. डाळ सरली. आत्ता भाजीला काय नाय घरात."

मी दाराबाहेर पाहिलं. उंबऱ्यापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत भाजीच भाजी होती आणि ही बाई, अगदी सरळ मनाने, घरात भाजी नाही म्हणत होती. पाड्यातल्या प्रत्येक घरात बहुधा अशीच भाकरी ठेच्याशी खाल्ली जात होती. लहान पोरंसुद्धा. कुणाचा हात पुढे जात नव्हता आणि कुणी तो मागेही ओढत नव्हतं. मला देवळात कधी हात जोडावेसे वाटले नाहीत इतके त्या ताटासमोर वाटले. भाकरी तशीच ठेवून उठलो, आणि मी ताटावरून असा कधी उठल्याचं बायकोलाही आठवणार नाही.

सकाळी अख्खा पाडा टोपल्या घेऊन चढावर लोटला. हसणं, हाका, खुडण्याचा कटकट आवाज. मी ओट्यावरून हललो नाही. विहीणबाई भरली टोपली घेऊन आल्या आणि चुलीशी थांबल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"अशी काय उभी? चूल पेटव."

"मी करू?"

"मंग कोण? खाल्लं बापानं, तू नाय."

बारीक चिरलेली कवळी, कांदा, लसूण, मिरची. शेजारणीने दिलेली मूठभर डाळ. पळसाच्या पानावर पहिला वाटा देवाला, दुसरा गेलेल्या माणसांना. व्याही हळू आवाजात त्यांची नावं घेत होते, जशी आतल्या खोलीतल्या माणसांना जेवायला हाक मारावी. शेवटी मुलीचीही ओळख करून दिली: "ही आपली सून. हिनं रांधलंय."

मुलीने डोळे पुसले आणि धुराला दोष दिला.

"आता इवायाला वाढ," व्याही म्हणाले. "कालपास्नं भुकेलेत."

सगळे खो खो हसले. माझ्या पानावर वाफाळती भाजी पडली. मी हात आवरून बसलो.

"पप्पा, खा ना!"

"सगळ्यांना वाढून होऊ दे."

"तब्येत बरी आहे ना?"

विहीणबाईंनी दाराबाहेर बोट दाखवलं. डोंगर खालपर्यंत खुडून झाला होता. मधोमध तेवढी एक ओळ कुणी न शिवलेली, मूळ धरेपर्यंत राखलेली. काही रोपं उभी, काहींनी माना टाकलेल्या. पण जन्मभर कारखान्यात मापं घेतलेला माणूस मी. रानात कुठेही उगवणारी कवळी मी सारख्या अंतरावर, दोरी धरल्यासारखी लावली होती.

"सातपूरची लाइन," व्याही म्हणाले आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

मग मी पहिला घास घेतला. सगळ्यांच्या नंतर.