तिला माहेरी जायचं होतं
ओल्या हळदीचा वास आला की मला सिरसाळ्याची पोलीस चौकी आठवते. निजामाचं राज्य होतं, कागद सगळे उर्दूत, आणि मी तिथला लिहिणारा मुन्शी होतो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी, कोपरापर्यंत भाजलेल्या हातावर हळद थापलेली एक बाई पायी चालत आली आणि जमादारांना म्हणाली, "नवऱ्यानं जाळलंय. मला माहेरी पोचवा, संगं एक शिपाई द्या. घरी गेले तर ह्यो मला जित्ती ठेवायचा न्हाई." जमादार वैतागले. "नवरा-बायकोचं भांडण चौकीत कावून आणलंस?" त्यांनी नवऱ्याला बोलावून घेतलं, त्यानं कान धरून माफी मागितली आणि मी समेटाचा कागद लिहिला. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. "आता तो मारणार न्हाई," मी म्हणालो. तिनं अंगठा उठवला आणि ती नवऱ्यामागे चालू लागली. पंधरा दिवसांनी ती विहिरीत सापडली. पाय घसरून पडली असं जमादारांनी लिहायला सांगितलं आणि मी तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिची म्हातारी आई आली. "लेक माझी इथं आलती म्हणं. काय म्हणाली?" "माहेरी पोचवा म्हणाली," मी सांगितलं. "मग कावून पोचवली न्हाई, बाबा?" नोकरी सुटून आता कैक वर्षं झाली, नातवंडांना माझ्या त्या नोकरीचं कौतुक वाटतं, पण त्या दुपारी चौकीत तीन शिपाई रिकामे बसले होते, हे मी अजून कुणालाच सांगू शकलेलो नाही.