न बसलेला धक्का

"जिन्यात काय झालं ते तुम्हाला बहुधा कधीच आठवणार नाही," असं न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी हिंदीत सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो. मला सगळं आठवत होतं. माझ्या सख्ख्या भावानं मला ढकललं होतं.

हे लिहितोय ते डोक्याला मार लागलेल्या माणसांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या खाटेभोवती बसणाऱ्यांसाठी.

मी बार्शीचा. दिल्लीत आलो तेव्हा नळाचे सुटे भाग सायकलवर विकायचो. पुढं बाजार खुला झाला, यमुनेपलीकडे नव्या सोसायट्या उठल्या, लोक परदेशी कॅटलॉग दाखवून बाथरूम मागू लागले. मी धाकट्या भावाला, वसंताला, धंद्यात घेतलं. त्या थंडीत मयूर विहारच्या एका अर्धवट इमारतीत आम्ही टाइल्सचं माप घ्यायला गेलो होतो. ठेकेदारानं जिन्याला कठडा लावला नव्हता. मी पडलो.

सीटी स्कॅनमध्ये 'कन्ट्यूजन' निघालं, म्हणजे मेंदूला मुका मार. ऑपरेशन लागलं नाही. पण 'पोस्ट-ट्रॉमॅटिक ॲम्नेशिया' होता, म्हणजे पडण्याच्या आसपासचा काळ मेंदूनं साठवलेलाच नसतो. सुरुवातीला मीही हेच म्हणत होतो, की काही आठवत नाही.

मग समाचाराला माणसं येऊ लागली. परमुलखात आपली माणसं धावून येतात, हे चांगलंच. पण "कसं झालं हो?" विचारल्याशिवाय कुणी उठत नाही. माझी बायको सुमन दर वेळी पहिल्यापासून सांगायची, "दोघं टाइल्सवरून वाद घालत होते, आणि हे पडले." वाद झाल्याचं तिला वसंतानंच सांगितलं होतं. मी डोळे मिटून ऐकायचो.

एकदा तिची माईमावशी म्हणाली, "पडले, की पाडलं? भाऊबंदकीत काही सांगता येत नाही बाई."

"काहीतरीच काय, मावशी!"

"मी आपलं विचारलं."

मावशी वरचेवर यायची, आणि दर नव्या पाहुण्यासमोर तिनं 'आपलं विचारलं'. हळूहळू मला जिना दिसू लागला. मग वसंता. मग छातीवर त्याचा हात. घरी गेलो तेव्हा मला त्या पंजाचा दाबसुद्धा जाणवत होता. मी वसंताला निरोप धाडला: तू ढकललंस ते मला आठवतंय, धंदा वेगळा, येणंजाणं बंद. त्यानं एक शब्द न बोलता गोदामाची किल्ली पाठवून दिली. गप्प बसला म्हणजे कबूल आहे, असं मी धरलं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांशी भांडलो, ते यावरूनच. त्या चिडल्या नाहीत. "ठीक है, धीरे-धीरे बताइए. भाई ने पहना क्या था?"

"निळा स्वेटर. गळ्याशी पांढरी पट्टी."

सुमन एकदम माझ्याकडे वळली. "अहो, तो स्वेटर तुम्ही ॲडमिट झाल्यावर मी सरोजिनी नगरहून आणून दिला. त्याच्या अंगातला तुमच्या रक्तानं भिजला होता. त्यानंच नाही का तुम्हाला उचलून आणलं?"

डॉक्टर म्हणाल्या, "बिस्तर से आप उसे इसी स्वेटर में देखते रहे. धक्का बातों में सुना. दिमाग़ ने दोनों जोड़ दिए." याला त्या 'फॉल्स मेमरी' म्हणाल्या. पुन्हा पुन्हा ऐकलेली गोष्ट मेंदू पाहिलेल्या गोष्टींत नेऊन ठेवतो. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ती खरीच वाटते.

आयुष्यभर मी उलटून-पालटून पाहिल्याशिवाय कुणाचा माल घेतला नाही. हा मात्र डोळे मिटून घेतला होता.

त्याच संध्याकाळी नोएडाला वसंताच्या घरी गेलो.

"मी पडलो तेव्हा तू कुठं होतास?"

"खालच्या मजल्यावर. टेप धरून. तूच ओरडून पाठवलंस."

"आपण भांडत होतो?"

"आपण कधी भांडत नसतो, दादा?"

"मग बोलला का नाहीस?"

"ज्याला भेटावं तो तेच विचारायचा. तूही म्हणालास, तुला आठवतंय. रोज तेच ऐकून मलाही माझा हात दिसायला लागला."

मी तिथंच खुर्ची ओढून बसलो.

दुसऱ्या खेपेला मी त्यालाही डॉक्टरांकडे नेलं. त्यांचे शब्द त्याच्या कानांवर पडणं जरूर होतं, आणि त्यांनी ते दोनदा सांगितले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. धंदा आता एकत्र आहे, भांडणंही आहेत. माईमावशीवरचा राग गेलेला नाही, आणि कठड्याबद्दल ठेकेदाराला मी सोडणार नाही.

तुमच्याकडे असा पेशंट असेल, तर 'कसं झालं' ते बाहेर व्हरांड्यात सांगा. तो झोपलेला दिसला तरी खाटेपाशी नको. त्याला काय आठवतं ते त्यालाच सांगू द्या. आठवत नसेल, तर ती जागा रिकामी राहू द्या.

ते चित्र माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, कदाचित जाणारही नाही. मधेच छातीवर तो हात येतो, राग उसळतो. तेव्हा मी वसंताला हाक मारतो. "काय रे दादा?" म्हणत तो हातातलं काम टाकून येतो.

"काही नाही," मी म्हणतो. "बस जरा."